चहा निवेपर्यंत

आमच्या इस्पितळात खाटेशेजारच्या स्टुलावर चहाचा भरलेला कप दिसला आणि त्याच्याजवळ एखादी शिकाऊ नर्स गप्प बसलेली दिसली, की समजायचं, त्या खाटेवरचा माणूस गेला. झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. मला नव्हतं. शिरपूरच्या हायस्कुलातून मॅट्रिक होऊन, टायपिंगच्या परीक्षेत दुसऱ्या खेपेला तरून, एक्काहत्तर साली मी सुरतेत नोकरीला आलो. तोवर चहा ही पिण्याची वस्तू आहे, एवढंच माझं शिक्षण झालेलं होतं. पहिल्याच आठवड्यात हजेरी घ्यायला बायकांच्या वॉर्डात गेलो, तर कोपऱ्यातल्या खाटेजवळ वाफाळता कप. शिकाऊ मुलगी खिडकीचा पडदा ओढत होती. मी कप उचलला, ओठांपर्यंत नेला. तेवढ्यात चिंधा वॉर्डबॉयनं माझं मनगट असं धरलं की निम्मा चहा माझ्या नव्या पँटवर.

"भाऊ, तो परभाबाईना चहा शे," तो म्हणाला. चिंधा अमळनेरकडचा. घाबरला की त्याची अहिराणी बाहेर पडायची. "तो कोनी पेत नही."

मी खाटेकडे पाहिलं. म्हातारी, डोळे मिटलेले, चादर हनुवटीपर्यंत. झोपलीय असंच मला वाटलं होतं. पुढे कित्येक दिवस कुठेही चहा घेताना माझं लक्ष आधी आजूबाजूला कोणी आडवं आहे का, इकडेच जायचं.

प्रभाबाई म्हणजे आमच्या सिस्टर ट्यूटर, प्रभावती तायडे. इस्पितळ एका शेठजींच्या ट्रस्टचं होतं, जुन्या कोटाच्या वेड दरवाज्याच्या बाजूला, मागच्या भिंतीपलीकडे तापी. नर्सिंगची शाळा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. दोन वर्षांचा कोर्स. मुली कामरेजच्या, पलसाण्याच्या, काही उधन्याच्या चाळींतल्या आपल्या मराठी. कोणी सातवी, कोणी नववी. त्यांना नुकत्या जन्मलेल्या बाळापासून नव्वदीच्या म्हाताऱ्यापर्यंत माणसाचं सगळं करायला शिकवायचं काम बाईंचं होतं. आणि त्या मुलींच्या हजेऱ्या, सुट्ट्या, मार्क लिहिण्याचं काम माझं. ऑफिसला वेगळी खोली नव्हती, म्हणून प्रात्यक्षिकाच्या खोलीतच कपाटाच्या आडोशाला माझं टेबल लावलेलं. त्यामुळे नर्सिंगचा कोर्स माझा न शिकताच दोनदा पुरा झाला. अजूनही कोणाच्या घरी बाळ रडलं तर माझे हात आपोआप दुपट्याची घडी शोधतात, आणि बायका माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात.

बाई तेव्हा चाळिशीच्या आत. ठेंगण्या, सावळ्या, कांजी केलेली पांढरी साडी, कमरेला किल्ल्या. वडील भुसावळकडून रेल्वेत गँगमन म्हणून उधन्याला आलेले. त्यांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हा ही सोळा-सतरा वर्षांची. वडिलांनी सांगितलं होतं म्हणे, लग्न कधीही होईल, आधी असं काही शीक की लोकांनी तुझा हात स्वतःहून मागितला पाहिजे, दुखणं घेऊन. लग्न राहिलं. दुखणी घेऊन मात्र सगळं गाव येत होतं.

शिकवायला त्यांच्याकडे एक बाहुला होता. माणसाएवढा, गिरणीतल्या चिंध्या आणि काथ्या भरून शिवलेला, तोंडावर शाईनं काढलेले नाक-डोळे. मुलींनी त्याचं नाव पोपट ठेवलेलं. पोपटला आमच्याकडे जे भोगावं लागलं ते कोणा देहधारी माणसाला भोगावं लागू नये. सोमवारी तो तान्हं बाळ असे, बुधवारी गोवर आलेला पोरगा, शुक्रवारी बाळंतीण. पुढच्या आठवड्यात मागात बोट सापडलेला कारागीर, आणि शेवटी दम्याचा म्हातारा. पण कोणत्याही वयात असो, अंगाला हात लावायच्या आधी त्याला नाव विचारायचं, त्याच्या भाषेत. गुजराती असेल तर "तमारुं नाम शुं?" आपला खानदेशी असेल तर "तुनं नाव काय शे?"

"बाई, हा तर चिंध्यांचा आहे," एकदा एक नवी पोरगी फिसकन हसली.

"तू कशाची आहेस?" बाईंनी विचारलं. "विचार त्याला नाव."

आणि सगळ्यात शेवटचा धडा, माणूस गेल्यावर त्याला नीट करण्याचा. डॉक्टरांनी सांगितलं तरी आधी तीनदा नावानं हाक मारायची. मग शेजारी गरम चहाचा कप ठेवायचा आणि त्याचा हात हातात धरून बसायचं. चहा पूर्ण निवेपर्यंत, वर साय धरेपर्यंत. तोवर तोंडावर चादर ओढायची नाही. आणि तो चहा मग मोरीत.

ही रीत कोणत्याही पुस्तकात नव्हती. मी नीट बघितलं होतं, कारण पुस्तकांच्या कपाटाची धूळ झटकणं हेही माझंच काम होतं.

एकदा पोपटचा काथ्या बदलायला दिला होता, तर बाईंची नजर माझ्यावर पडली. "क्लार्कसाहेब, या, झोपा." क्लार्कसाहेब म्हणायच्या ते मानानं नव्हे. बँडेजसाठी मी पूर्वीही अंग वाहिलेलं होतं. हात, पाय, डोकं, सगळं बांधून झालेलं. म्हणून निमूट आडवा झालो. तर त्या दिवशी धडा शेवटचा. एका मुलीनं कानाशी हाक मारली, "विनायकभाई..." मला हसू फुटलं.

"बघा मुलींनो," बाई शांतपणे म्हणाल्या, "हसला. म्हणजे झाकायचा नाही. एवढीच तर परीक्षा आहे."

सगळ्या खिदळल्या. मग त्यांनी मला पुन्हा गप्प केलं आणि चहा ठेवला. मी डोळे मिटून पडलो. मुलीच्या हाताला घाम होता. खोलीत कोणी बोलेना. मागे नदीचा आवाज येतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आणि असं वाटायला लागलं की ही मंडळी हाक मारायची विसरली तर? मी इथे आहे हे मी कसं सांगणार? मी डोळे उघडले. बाई चहाकडे बघत नव्हत्या, माझ्याकडेही नाही. त्या दाराबाहेर, जिन्याकडे बघत होत्या.

तो जिना तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला. खालून वर येताना वळणाच्या आधी एक पायरी होती. बाई तिच्यावर पाय ठेवत नसत. साडी सावरून एक मोठी ढांग टाकायच्या, एवढ्याशा उंचीच्या बाईला न शोभणारी. मी एकदा गमतीनं म्हणालो, "बाई, त्या पायरीनं काय घोडं मारलंय तुमचं?" त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की पुढे आठ दिवस मी फक्त हजेरीबद्दल बोललो.

दुसरी गोष्ट, बाई स्वतः चहा पीत नसत. सुरतेत राहून चहा न पिणारी माणसं जैन साधू आणि प्रभाबाई, एवढीच मला माहीत होती.

या चहानं एकदा भलताच घोळ केला. पुरुषांच्या वॉर्डात एक जरीवाले काका होते, गोपीपुऱ्याचे, पोटाच्या ऑपरेशननंतर सुधारत आलेले. दुपारी माश्या फार, म्हणून तोंडावर चादर ओढून झोपले. एका नव्या मुलीनं त्यांच्या घरून आलेला चहा कपात ओतून स्टुलावर ठेवला, आणि उठतील म्हणून शेजारी बसून राहिली. झालं. शेजारच्या खाटांवरचे चार पेशंट हात जोडून बसले. एकानं गीतेचा अध्याय सुरू केला. तेवढ्यात काकी डबा घेऊन आल्या. त्यांनी कप पाहिला, चादर पाहिली आणि डबा टाकून हंबरडा फोडला. काका ताडकन उठून बसले, सगळ्यांकडे पाहिलं, आणि "कोण गयुं?" विचारून चहाचा घोट घेतला. पलीकडचा पेशंट बेशुद्ध पडला तो खरा दिवसभराचा पेशंट.

मोठे डॉक्टर वर आले. "प्रभाबेन, आ चा हवे बंद करो," ते म्हणाले. "आपण इस्पितळ चलावीए छीए, भूतखानुं नथी."

"बंद करते," बाई म्हणाल्या. "उद्या माझ्या हाताखालच्या मुलीनं जिवंत माणूस झाकला, तर जबाब तुम्ही द्या."

"एवुं कदी थाय?"

बाईंनी पोपटच्या अंगावरची चादर सरळ केली. डॉक्टर थोडा वेळ उभे राहिले आणि गेले. चहा बंद झाला नाही.

खरं काय ते मला भागीरथी आयानं सांगितलं. गच्चीवर धुतलेल्या चादरी उतरवताना. भागीरथी या इस्पितळात भिंतींइतकी जुनी. दाढेखाली तंबाखू ठेवल्याशिवाय तिला जुनं काही आठवत नसे.

"अडुसष्टच्या रेलमधलं आहे ते," ती म्हणाली. सुरतेत पुराला रेल म्हणतात. "तेव्हा बाई शिकवत नव्हत्या, खाली वॉर्डात नर्स होत्या. केशरबाई म्हणून एक म्हातारी होती, तुमच्या खानदेशातलीच. जुलाबानं पार सुकलेली. सकाळी पाणी गल्लीत, आणि जेवणवेळेला खाटांखाली. डॉक्टर रांदेरला, पुलापलीकडे अडकले. आम्ही बायकांना उचलून वर नेतोय. बाईनं केशरबाईची नाडी पाहिली. नाही लागली. बाईचे हात पाण्यानं गार, म्हातारीचा हात गार. बाई म्हणाली, गेली. चादर ओढली तोंडावर. म्हणाली, आधी जिवंत उचला. बरोबरच बोलली ना?"

"बरोबरच."

"सगळ्या वर आल्या. चिंधानं शेगडी पेटवून चहा केला. मीच कप दिला बाईच्या हातात, ओलीचिंब होती. म्हटलं, पिऊन घ्या आणि मग म्हातारीला आणू. ती प्यायली. गरम होता, फुंकून फुंकून प्यायली. मग जिन्याशी गेलो तर पाणी अर्ध्या जिन्यावर. खाली जाता येईना." भागीरथीनं चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. "दोन दिवसांनी पाणी उतरलं. केशरबाई खाटेवर नव्हती, भाऊ. जिन्यावर होती. त्या वळणाच्या आधीच्या पायरीवर. तोंड वरच्या मजल्याकडे."

"पाण्यानं आणली असेल," मी म्हणालो.

"मीपण तेच म्हणते बाईला. पाण्यानं बाकडी आणली, औषधांच्या पेट्या आणल्या, कोणाची तरी बकरी आणून टाकली जिन्यावर. म्हातारी काय, काडी." ती जरा थांबली. "पण तिच्या डोक्यावर पदर होता. नीट, कपाळापर्यंत. पाणी माणसाला उचलून नेतं, भाऊ. डोक्यावर पदर नाही घेऊन देत."

ऊन चांगलं कडक होतं. मी घडी घातलेली चादर पुन्हा उलगडली आणि पुन्हा घडी घातली.

"म्हातारीच्या मुलाला काय सांगितलं?"

"काय सांगणार? पाणी यायच्या आधीच गेली, त्रास झाला नाही. बाईनं सांगितलं, मी मान हलवली. पायरीचं त्याला ठाऊक नाही. आम्ही तिला व्हरांड्यात आणून ठेवली होती तोवर, पदर होता तसाच."

त्यानंतर मीसुद्धा ती पायरी गाळायला लागलो. मी भुताबिताला मानत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. पण ढांग लांब टाकल्यानं माणसाचं काही नुकसान होत नाही.

केशरबाईच्या मुलाला मी ओळखत होतो, फक्त तो तोच हे ठाऊक नव्हतं. भिकनभाऊ. पलसाण्याच्या रस्त्यावर रंगाच्या कारखान्यात कामाला. कोपरापर्यंत हात कायम रंगलेले, कधी गुलाबी, कधी हिरवे. चंदनी पडव्याला, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीच्या सुरती सणाला, न चुकता बाईंसाठी घारी, ती इथली तुपाळ मिठाई, घेऊन यायचे. दारात चपला काढायचे, डबा टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बाई, मन्ही मायच्या शेवटाला तुम्ही होत्या. आम्ही नव्हतो." बाई डब्याला हात लावत नसत. घारी चिंधा आणि मी खायचो. भागीरथीनं सांगितल्यावर मला ती गोड लागेना. चिंधाला सगळं ठाऊक असूनही लागत होती, आणि पुन्हा सांगून मी त्याची घारी कडू केली नाही.

त्र्याहत्तर साली भिकनभाऊंनी आपली मुलगी आणून बाईंपुढे उभी केली. वंदना. मॅट्रिक, उंच, धीट, मैत्रिणींशी गुजराती, बापाशी अहिराणी आणि बाईंशी पुस्तकातलं मराठी बोलणारी.

"हिला तुमच्यासारखी करा," भिकनभाऊ म्हणाले.

माझं टेबल बाईंच्या पाठीमागे होतं. मला फक्त त्यांचे पाठीमागे घेतलेले हात दिसले. एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलेलं होतं, नाडी पाहतात तसं.

वंदना शिकत गेली, आणि चांगली शिकली. तान्ह्या पोपटला ती इतक्या सफाईनं गुंडाळायची की मलाच त्याचा हेवा वाटे. बाळंतिणीच्या खोलीत तिच्या नुसत्या आवाजानं बायका शांत व्हायच्या. बाई तिच्यावर ओरडत नसत, आणि तिचं कौतुकही करत नसत. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वॉर्डात कोणी गेलं, चहाचा कप खाली निघाला, की वंदनाला काही तरी काम लागायचं. स्टोअरमधून कापूस आण. लाँड्रीत बघून ये. बरोबरीच्या सगळ्या मुली त्या कपाशेजारी बसून आल्या. ही एकदाही नाही.

पंचाहत्तरची परीक्षा तोंडावर आली. ज्या मुलीच्या सगळ्या प्रात्यक्षिकांवर ट्यूटरची सही नाही, तिला परीक्षेला बसता येत नसे. एका दुपारी वंदना बाईंच्या टेबलापुढे येऊन उभी राहिली.

"बाई, माझी एकच सही राहिलीय. शेवटच्या धड्याची."

"बघू."

"दोन वर्षं तुम्ही बघू म्हणताय. माझं काही चुकलं का?"

"नाही."

"मग मला का नाही शिकवत? बापू रोज विचारतात. कारखान्यात सगळ्यांना सांगून ठेवलंय त्यांनी, पोरगी नर्स होणार म्हणून."

मी टायपिंग थांबवलं. मग थांबवल्याचं कळू नये म्हणून पुन्हा सुरू केलं. काय टाइप केलं देव जाणे. मला एवढं कळत होतं की बाईंनी तो धडा दिला तर त्यांना मनानं पुन्हा तिच्या आजीच्या खाटेशेजारी बसावं लागणार होतं, आणि नाही दिला तर भिकनभाऊंची पोरगी घरी बसणार होती.

"चिंधा," बाईंनी हाक मारली. "एक चहा आण. गरम."

पोपटला खाटेवर निजवलं. त्या दिवशी तो सत्तरीची म्हातारी होता, चिंध्यांच्या अंगाला जुनं लुगडं गुंडाळलेलं. बाकीच्या मुली वॉर्डात होत्या. खोलीत बाई, वंदना, मी आणि पोपट.

"नाव काय ठेवू हिचं?" वंदनानं विचारलं.

"तुला वाटेल ते."

"केशरबाई," ती म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं. म्हातारी म्हटल्यावर तिला आपली आजीच आठवणार.

बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या.

वंदना वाकली. "केशरबाई, वं केशरबाई. आयकस का वं माय? केशरबाई!" तिनं अहिराणीतच हाका मारल्या, जशा घरी मारल्या असत्या. मग कप स्टुलावर ठेवला आणि बाहुल्याचा शिवलेला हात हातात घेऊन बसली. शाईचे डोळे आढ्याकडे बघत होते. मी शपथेवर सांगतो, मी तो बाहुला चार वर्षं रोज बघत होतो, तरी त्या दिवशी त्याच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

कपातली वाफ अजून चालूच होती. वंदनानं हात खाली ठेवला, लुगड्याचं टोक उचललं आणि पोपटच्या डोक्यावरून कपाळापर्यंत नीट पदर घेतला.

"हे काय?" बाईंचा आवाज ओळखू येईना. "हे मी शिकवलेलं नाही."

"बापूंनी शिकवलं," वंदना म्हणाली. "बापू म्हणतात, प्रभाबाईंसारखं कर. रेलमध्ये स्वतःचा जीव वाचवायची घाई असताना त्यांनी आधी मन्ही मायच्या डोक्यावर पदर घेतला, मग झाकली. उघड्या डोक्यानं जाऊ दिली नाही. घरच्या सुनेनं केलं नसतं. म्हणून तर तुमच्याकडे घातलं मला." आणि ती हसली. "बरोबर घेतला ना?"

मला वाटलं, बाई आता सही करतील आणि संपेल. मी बाईंच्या जागी असतो तर केली असती. माणसाचा एवढा चांगला गैरसमज मोडायला जीभ कशी उचलते?

"पदर मी घेतला नव्हता," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. नाडी, चादर, वरचा चहा, पायरी. भागीरथीनं सांगितलं होतं तेवढंच, फक्त भागीरथी सांगताना तंबाखू चघळत होती आणि बाई कपाकडे बघत होत्या.

"म्हणजे आजी उठली होती?"

"माहीत नाही."

"नाडी नव्हती ना पण?"

"मला लागली नाही," बाई म्हणाल्या. "नव्हती, असं मी कसं म्हणू? माझे हात बधिर झाले होते. मी एकदा बघितली, हाक मारली नाही आणि चादर ओढली. वर गेल्यावर चहा प्यायला बसले. तेवढ्या वेळात ती माझ्या मागून चालत आली असेल, तर अर्ध्या जिन्यापर्यंत आली असेल."

वंदनानं बाहुल्याचा हात पुन्हा हातात घेतला होता, आणि मला दिसत होतं की ती तो घट्ट धरून आहे. मग तिनं कपाच्या कडेला बोट लावून पाहिलं. साय आली होती. तिनं पोपटच्या तोंडावर चादर ओढली, पदरासकट, आणि उठून उभी राहिली.

"सही करा, बाई."

बाईंनी केली.

दारात जाऊन वंदना वळली. "बापूंना मी सांगणार नाही. तुम्ही मला सांगितलंत म्हणून ते माझं काम होत नाही. ते तुमचं आहे." ती जिन्यानं खाली गेली. मी कान देऊन ऐकत होतो. तिची पावलं वळणाशी थांबली, बराच वेळ थांबली, मग पुढे गेली.

त्यानंतर परीक्षा झाली, निकाल लागेपर्यंत पावसाळा सरत आला. त्या सगळ्या दिवसांत बाई शिकवत होत्या, रागवत होत्या, मला क्लार्कसाहेब म्हणत होत्या. पण जिन्यावर कोणाचाही पाय वाजला की बोलता बोलता थांबायच्या. वर येणारं माणूस दारात दिसल्यावरच वाक्य पुरं व्हायचं. मलाही ती सवय लागली. मागची भिंत आणि तिच्यामागची नदी, दोन्ही नको इतकी जवळ वाटायची.

वंदना पास झाली. कामरेजच्या आरोग्यकेंद्रात तिची नेमणूक लागली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी भिकनभाऊ आले, धुतलेला सदरा, हात जांभळे. पाठीमागे वंदना, पांढऱ्या साडीत. सण नव्हता तरी घारीचा डबा होता.

"बसा," बाई म्हणाल्या. चिंधानं चहा आणून त्यांच्यापुढे ठेवला. पाहुण्याला चहा, बाकी काही नाही. पण त्या खोलीत तो कप टेबलावर ठेवला गेला आणि चिंधानंच जीभ चावली.

"बाई, शब्द पाळला तुम्ही," भिकनभाऊ म्हणाले. "तुमच्यासारखीच केली हिला. मायचा पदर..."

"भिकनभाऊ," बाईंनी मधेच थांबवलं. "मायचा पदर मी घेतला नव्हता."

वंदना खिडकीशी उभी होती. तिनं मान वर केली नाही. बाईंनी सांगितलं, तिला सांगितलं होतं तेवढंच, एक शब्द कमी नाही. मी टेबलाच्या कडेला धरून बसलो होतो. भिकनभाऊंचे जांभळे हात मांडीवर उघडे पडले होते, जणू दुसऱ्याच कोणाचे.

"कोणती पायरी?" एवढंच त्यांनी विचारलं.

बाई दाखवायला उठायच्या आधीच ते उठले. जिन्याशी गेले, एक एक पायरी उतरत वळण घेतलं, आणि बाईंनी वरून मान हलवली तिथे थांबले. मग खाली बसले. त्या पायरीवर, भिंतीला खांदा टेकून. आम्ही सगळे वर जमलो होतो. भागीरथी खालून झाडू घेऊन आली आणि झाडू हातात धरून तशीच उभी राहिली.

"तेव्हा वर पुरुषमाणसं होती?" भिकनभाऊंनी विचारलं. आमच्याकडे न बघता.

"होती," बाई म्हणाल्या. "चिंधा होता. बाकीच्यांची माणसं होती."

"मन्ही माय माणसांसमोर उघड्या डोक्यानं कधी गेली नाही." त्यांनी पायरीवरून तळहात फिरवला, अंथरुणावरची सुरकुती काढतात तसा. "म्हणजे ती स्वतः वर येतच होती."

पाण्यानं आणली असेल, हे माझ्या तोंडात आलं आणि तिथेच राहिलं. बाकडी, पेट्या, बकरी, हे सगळं मला सांगता आलं असतं. त्या माणसाला सांगून उपयोग नव्हता.

बाई उतरायला लागल्या. वळणाशी आल्या, तिथे मी सवयीनं त्यांची ती मोठी ढांग पडायची वाट बघितली. ती पडली नाही. बाई त्याच पायरीवर, भिकनभाऊंच्या शेजारी बसल्या. कांजीची साडी, कमरेच्या किल्ल्या, सगळ्यासकट. भिकनभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. फक्त थोडे भिंतीकडे सरकले, जागा व्हावी एवढे.

किती वेळ गेला कोण जाणे. भिकनभाऊंचे डोळे मिटलेले, मान भिंतीला. छाती हलतेय का, ते मला वरून दिसेना.

"बापू," वंदनानं वरून हाक मारली.

काही नाही.

"बापू, ओ बापू." तिनं कठडा धरला होता. आवाज शांत ठेवला होता, शिकवल्यासारखा. बाई तिच्याकडे बघत नव्हत्या, पण त्यांचा हात भिकनभाऊंच्या मनगटाकडे गेला आणि मधेच थांबला. हाक अजून एक राहिली होती.

"बापू! आयकस का?"

"आयकस, पोरी," भिकनभाऊ डोळे न उघडता म्हणाले. "आयकस ना."

ते उठले नाहीत. बाईही उठल्या नाहीत. वंदना कठड्याला धरून खाली बसली. मी खोलीत येऊन टेबलावरचा कप बघितला. वाफ विरत आली होती, पण साय अजून धरली नव्हती. मी स्टूल ओढलं आणि त्याच्याजवळ बसलो.